चित्राखालचे नाव

शाळेचे वर्ष संपत आले की चित्रकलेच्या शिक्षकांपुढे एक प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो. मुलांनी काढलेली दीड-दोनशे चित्रे कपाटात साचलेली असतात. प्रदर्शनासाठी मिळालेले दालन मात्र एकच असते, आणि त्याच्या चार भिंतींपैकी एक खिडक्यांनी व दुसरी दारांनी अडविलेली असते. मग निवड सुरू होते. कोणते चित्र लावावयाचे, कोणते कपाटातच ठेवावयाचे? दारासमोर कोणते आणि कोपऱ्यातल्या अंधारात कोणते? चित्राखाली काय लिहावयाचे, मुलाचे नाव, वर्गाचे नाव, की केवळ शाळेचे? पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन व्हावयाचे असते, खिळे ठोकावयाचे राहिलेले असतात, आणि या साऱ्या गडबडीत हे प्रश्न कसेबसे उरकले जातात. ज्या मुलाचे चित्र दाराच्या मागे गेले, त्याच्या मनातून मात्र ते उरकले जात नाहीत.

हे प्रश्न वरवर पाहता सुतारकामाचे वाटतात. खरे पाहता ते न्यायाचे प्रश्न आहेत. विद्यार्थ्याच्या कामाकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहतो, त्याला शिकणारा माणूस मानतो की संस्थेच्या वैभवाचे साधन मानतो, हे भिंत जितक्या स्पष्टपणे सांगते तितके वार्षिक अहवाल सांगत नाही. राजधानी दिल्लीच्या गेल्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात असे काही प्रसंग आले, की विद्यार्थ्यांची कला तेथे मांडली गेली आणि प्रत्येक वेळी ती मांडण्याची रीत निराळी होती. त्यातल्या एका प्रसंगाशी मुंबईचा, म्हणजे महाराष्ट्राचा, अगदी निकटचा संबंध आहे. त्या प्रसंगांची ओळख करून देण्याचा आज विचार आहे.

परंतु दिल्लीत शिरण्यापूर्वी थोडा वेळ अजिंठ्याला थांबले पाहिजे. मुंबईची सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा 1857 साली सुरू झाली. तिचे एक प्रमुख जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 पासून 1885 पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रती करविल्या. लेण्यांतला अंधार, वटवाघळांची घाण, उंच छताकडे मान वर करून तासन्‌तास काम, अशा परिस्थितीत पेस्तनजी बोमनजी आणि त्यांच्यासारख्या इतर विद्यार्थ्यांनी ही कामगिरी पार पाडली. त्या प्रती लंडनच्या साऊथ केन्सिंग्टन संग्रहालयात गेल्या. 1885 मध्ये तेथे लागलेल्या आगीत त्यांतील पुष्कळशा जळाल्या. उरलेल्यांच्या आधारे 1896-97 मध्ये मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आज जाणकार मंडळी या कामाला 'ग्रिफिथ्सच्या प्रती' म्हणतात. योजना ग्रिफिथ्स यांची होती हे खरे, पण हात विद्यार्थ्यांचे होते. ज्या अनाम चित्रकारांची चित्रे ते उतरवीत होते, त्यांच्याच रांगेत ते विद्यार्थीही जाऊन बसले. अजिंठ्याच्या चित्रकाराने आपले नाव लिहिले नाही, हा त्या काळाचा धर्म होता. विद्यार्थ्याचे नाव लिहिले गेले नाही, याला मात्र धर्म म्हणता येत नाही. ती केवळ सवय होती.

ही सवय पुढे दिल्लीला आली. 1903 च्या जानेवारीत सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त दिल्लीत दरबार भरला. त्याला जोडून काश्मिरी दरवाजाजवळच्या कुदसिया बागेत भारतीय कलेचे भव्य प्रदर्शन मांडण्यात आले. 30 डिसेंबर 1902 रोजी लॉर्ड कर्झन यांनी त्याचे उद्घाटन केले. प्रदर्शनाचे संचालक होते सर जॉर्ज वॅट आणि त्यांचे सहायक होते लाहोरच्या कलाशाळेचे प्रमुख पर्सी ब्राउन. कर्झन यांचा दंडक असा होता की, विलायती वळणाची किंवा विलायतीची नक्कल असलेली वस्तू येथे नको. जे मांडावयाचे ते अस्सल देशी असले पाहिजे. विक्रीच्या वस्तूंचे दालन निराळे, संस्थानिकांकडून व संग्राहकांकडून तात्पुरत्या मागून आणलेल्या जुन्या वस्तूंचे दालन निराळे, आणि कारागीर लोकांसमोर बसून काम करीत ती जागा निराळी, अशी आखणी होती.

वॅट हे मुळात वनस्पतिशास्त्रज्ञ. भारतातील व्यापारी उपयोगाच्या पदार्थांचा प्रचंड कोश रचणारा हा गृहस्थ वर्गीकरणात मुरलेला होता. त्यांनी प्रदर्शनाची मांडणी प्रांतवार केली नाही, तर पदार्थवार केली. धातूचे काम एका ठिकाणी, दगडाचे एका ठिकाणी, लाकडाचे, हस्तिदंताचे, लाखेचे, वस्त्रांचे, भरतकामाचे आपापल्या ठिकाणी. जयपूरचे भांडे नि तंजावरचे भांडे शेजारी शेजारी ठेवले, की पाहणाऱ्याला दोहोंची तुलना करता यावी, हा त्यामागील हेतू. हेतू चांगला होता आणि त्यातून जी सूची तयार झाली ती आजही अभ्यासकांच्या हाती असते. पण या मांडणीचा एक परिणाम सहजासहजी ध्यानात येत नाही. वस्तू पदार्थाप्रमाणे लावली की ती कोणी केली हा प्रश्न मागे पडतो. कलाशाळांतून आलेले काम आणि बाजारातल्या कसबी कारागिराचे काम एकाच ओळीत बसते. शिकाऊ हाताने केलेल्या पहिल्या प्रयत्नाला जी सवलत द्यावयाची, ती देण्याला जागाच उरत नाही. आणि त्याच्या प्रगतीचे जे कौतुक करावयाचे, तेही होत नाही. सरकारच्या दृष्टीने कलाशाळा म्हणजे देशी धंद्यांना वळण लावणारी संस्था. तेव्हा विद्यार्थी हा माणूस म्हणून नव्हे, तर त्या धंद्याचा नमुना म्हणून तेथे हजर होता.

त्याच सुमारास मुंबईत याच्या उलट प्रवाह वाहत होता, हे नमूद केले पाहिजे. 1888 साली स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनांत कलाशाळेचे विद्यार्थी स्वतःच्या नावाने आपली कामे पाठवू लागले होते. गणपतराव म्हात्रे यांनी विद्यार्थिदशेत घडविलेला 'मंदिरपथगामिनी' हा प्लास्टरचा पुतळा 1896 च्या सुमारास तेथेच गाजला. पुतळ्याबरोबर म्हात्रे हे नावही गाजले, आणि पुढचा त्यांचा सारा व्यवसाय त्या नावावर उभा राहिला. एकाच कलाशाळेतील मुले. पण एका भिंतीखाली त्यांचे नाव होते, दुसऱ्या भिंतीखाली नव्हते. मुलांच्या आयुष्यात यामुळे केवढे अंतर पडले असेल, हे सांगावयास नको.

दिल्लीचा दुसरा प्रसंग याहून गुंतागुंतीचा आहे. 1911 साली राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला आणण्याचे जाहीर झाले. रायसीना टेकडीवर हर्बर्ट बेकर यांनी आखलेल्या सचिवालयाच्या दोन प्रचंड इमारती उभ्या राहू लागल्या. भिंती कोऱ्या होत्या, घुमट कोरे होते. या भिंती भारतीय चित्रकारांकडून रंगवून घ्याव्यात अशी मागणी मुंबईत जोराने होऊ लागली. मुंबईच्या कलाशाळेची सूत्रे 1919 पासून ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्याकडे आली होती. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या पाठिंब्याने त्यांनी 1920 मध्ये भित्तिचित्रांचा खास वर्ग काढला. चित्र हे चौकटीत कोंडून न ठेवता ते वास्तूचा भाग झाले पाहिजे, ही त्यांची धारणा. 1924 साली लंडनजवळ वेम्ब्ली येथे भरलेल्या साम्राज्य प्रदर्शनात या शाळेने आपल्या विद्यार्थ्यांच्या कामाने सजविलेले एक संपूर्ण 'भारतीय दालन'च मांडले. सुटी सुटी चित्रे भिंतीला टांगण्याऐवजी सगळी खोलीच विद्यार्थ्यांनी घडवावी, ही प्रदर्शनाची एक नवी तऱ्हा होती.

या अनुभवाच्या बळावर मुंबईच्या कलाशाळेला नव्या दिल्लीत नॉर्थ ब्लॉकमधील समितीच्या एका दालनाचे काम मिळाले. घुमट आणि कमानींखालच्या अर्धवर्तुळाकार जागा ललित कलांच्या आणि भारतीय कलेच्या निरनिराळ्या कालखंडांच्या रूपकात्मक चित्रांनी भरून काढण्यात आल्या. 1920 ते 1930 या दशकाच्या अखेरीस ते काम पुरे झाले. जगन्नाथ अहिवासी, जी. एच. नागरकर यांसारखे शाळेत नुकतेच तयार झालेले तरुण चित्रकार त्यात होते. महादेव विश्वनाथ धुरंधर हे तर त्या शाळेतील ज्येष्ठ शिक्षक. त्यांनी कायदेमंत्र्याच्या दालनासाठी स्वतंत्र चित्रे केली. धुरंधरांनी 1890 मध्ये विद्यार्थी म्हणून शाळेत पाऊल टाकले आणि 1931 मध्ये ते तेथून निवृत्त झाले. त्या दीर्घ सहवासाची कहाणी त्यांनी 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' या आत्मचरित्रात सांगितली आहे. मराठीत कलाशाळेच्या आतले जग दाखविणारे असे पुस्तक विरळा.

आता या दालनाकडे प्रदर्शन म्हणून पाहा. विद्यार्थ्याला याहून मोठा मान कोणता मिळावा? वर्गात काढलेले चित्र फार तर आठ दिवस भिंतीवर राहते. येथे साम्राज्याच्या राजधानीत कायमची जागा मिळाली. परंतु त्या जागेने काही अटीही घातल्या. जागा शिल्पकाराने ठरविली, विषय योजनेने ठरविला, आकार कमानीने ठरविला. चित्र इतक्या उंचीवर, की खालून पाहणाऱ्याला ओळखू यावे म्हणून आकृती भव्य आणि रेषा ठळक असणे भाग पडले. सर्वांत मोठी अट म्हणजे प्रेक्षकांची. समितीचे दालन म्हणजे काही चित्रशाळा नव्हे. तेथे येणारा माणूस अंदाजपत्रकाचे कागद घेऊन येतो. मान वर करून घुमटाकडे पाहण्याइतकी उसंत त्याला कोठून असावयाची? आणि ज्याला ती उसंत आहे, त्या सामान्य नागरिकाला तेथे प्रवेश नाही. नॉर्थ ब्लॉकमध्ये स्वातंत्र्यानंतरही अनेक दशके अर्थ व गृह या खात्यांचा कारभार चालला. म्हणजे मुंबईच्या तरुणांची ही कलाकृती दिल्लीच्या अगदी मध्यभागी असूनही दिल्लीकरांना जवळजवळ अदृश्यच राहिली. प्रदर्शनात चित्र लागले आणि तरीही ते दिसले नाही, असे हे चमत्कारिक उदाहरण आहे.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. दिल्लीत 'शंकर्स वीकली' हे व्यंगचित्रांचे साप्ताहिक चालविणारे के. शंकर पिल्लै यांनी 1949 मध्ये मुलांसाठी चित्रकलेची व लेखनाची स्पर्धा सुरू केली, आणि लवकरच ती आंतरराष्ट्रीय झाली. देशोदेशींची मुले दिल्लीला चित्रे पाठवू लागली. आता चित्राखाली मुलाचे नाव आले, वय आले, देश आला. सहा वर्षांच्या मुलीने काढलेला हत्ती हा 'सहा वर्षांच्या मुलीचा हत्ती' म्हणून पाहावयाचा, मोठ्यांच्या हत्तीशी त्याची तुलना करावयाची नाही, हे त्या एका आकड्याने प्रेक्षकाला शिकविले. याला जगभराच्या विचाराचा आधार होता. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुलांचा चित्रवर्ग काढून, मुलाची कला ही अपुरी प्रौढ कला नव्हे, ती तिच्या परीने पुरी असते, असे प्रतिपादन केले होते. 1943 मध्ये हर्बर्ट रीड यांनी कलेतून शिक्षण ही कल्पना ग्रंथरूपाने मांडली. इकडे वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या नयी तालीममध्ये देवीप्रसाद हे कलाशिक्षक त्याच दिशेने प्रयोग करीत होते.

शंकर यांच्या उपक्रमातील एक गोष्ट प्रदर्शनाच्या दृष्टीने फार बोधप्रद आहे. स्पर्धेतील विजेत्या मुलासाठी हंगेरीच्या राजदूतांनी एक बाहुली दिली. तिच्यावरून शंकर यांना देशोदेशींच्या बाहुल्या जमविण्याचा छंद लागला. मग मुलांची चित्रे आणि या बाहुल्या एकत्र घेऊन ते गावोगाव प्रदर्शने भरवू लागले. दिल्लीची भिंत मुलांकडे चालत गेली, असे म्हणावयास हरकत नाही. पण वारंवार बांधाबांध आणि सोडासोड करण्याने बाहुल्या मोडू लागल्या. त्यांना कायमचे घर हवे असा विचार पुढे आला, आणि 30 नोव्हेंबर 1965 रोजी बहादुरशहा जफर मार्गावरील नेहरू हाउसमध्ये आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालयाचे उद्घाटन झाले. फिरते प्रदर्शन लोकांपर्यंत पोचते, पण वस्तू झिजते. स्थिर प्रदर्शनात वस्तू टिकते, पण लोकांना तिच्याकडे यावे लागते. हा पेच शंकर यांनाही चुकला नाही आणि आजच्या शाळेलाही चुकणार नाही. मुलांच्या चित्राचा कागद तर बाहुलीहूनही नाजूक. प्रखर उजेडात जलरंग फिके पडतात, खळीने चिकटविलेला कागद काढताना फाटतो.

याच काळात एका मराठी-कानडी सीमेवरील माणसाने दिल्लीत निराळी वाट पाडली. कृष्ण शामराव कुलकर्णी हे बेळगावचे. मुंबईच्या कलाशाळेत शिकून दिल्लीत आले आणि तेथे कलाशिक्षक झाले. 1949 मध्ये स्थापन झालेल्या दिल्ली शिल्पी चक्राच्या संस्थापकांत भवेश सन्याल, धनराज भगत आदींबरोबर तेही होते. 1950 मध्ये सुंदरी श्रीधरणी यांनी त्रिवेणी कलासंगम काढला. तेव्हा कॅनॉट प्लेसमधील एका कॉफी हाउसवरची एक खोली, दोन विद्यार्थी आणि शिकवावयास कुलकर्णी, एवढेच त्याचे भांडवल होते. 1963 मध्ये तानसेन मार्गावर जोसेफ ॲलन स्टाइन यांनी आखलेल्या वास्तूत ही संस्था गेली. या वास्तूची खुबी अशी, की वर्ग आणि प्रदर्शनाची दालने एकाच छपराखाली आहेत. नृत्य शिकावयास आलेली मुलगी जाता जाता चित्रे पाहते, आणि चित्राच्या वर्गातला विद्यार्थी जाणत्या चित्रकारांची कामे भिंतीवर कशी लावली जातात हे पाहत पाहत शिकतो. प्रदर्शन हा वर्षाच्या शेवटी करावयाचा समारंभ नसून शिक्षणाचाच एक तास आहे, हा विचार येथे वास्तूतच बांधला गेला. नॉर्थ ब्लॉकच्या घुमटाखाली वास्तूने चित्रावर हुकमत गाजविली; तानसेन मार्गावर वास्तूने विद्यार्थ्याला सोबत केली.

या इतिहासातून शाळेच्या दालनात खिळे ठोकीत उभ्या असलेल्या शिक्षकाने काय घ्यावे? माझ्या मते तीन गोष्टी. पहिली गोष्ट क्रमाची. चित्रे माध्यमाप्रमाणे लावली की तंत्र दिसते, विषयाप्रमाणे लावली की कल्पना दिसते, गुणांप्रमाणे लावली की केवळ परीक्षक दिसतो. वॅट यांची पदार्थवार मांडणी वाईट नव्हती. ती विद्यार्थ्यांसाठी नव्हती, एवढेच. विद्यार्थ्याची वाढ दाखवावयाची असेल तर एकाच मुलाचे जूनमधले आणि फेब्रुवारीतले चित्र शेजारी शेजारी लावावे. मग सर्वोत्कृष्ट कोण हा प्रश्न आपोआप दुय्यम ठरतो. दुसरी गोष्ट उंचीची. जुन्या विलायती प्रदर्शनांत जमिनीपासून छतापर्यंत चौकटी दाटीवाटीने लावीत, आणि डोळ्यांच्या रेषेवर जागा मिळाली की चित्रकार धन्य होई. मुलांच्या प्रदर्शनाला येणारे अर्धे प्रेक्षक मुलेच असतात, तेव्हा डोळ्यांची रेषा कोणाची धरावयाची हे आधी ठरविले पाहिजे. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांच्या सोयीची उंची आणि तिसरीतल्या मुलाच्या सोयीची उंची यांत दीड-दोन फुटांचे अंतर असते. तिसरी गोष्ट चिठ्ठीची. चित्राखालची ती दोन ओळींची चिठ्ठी हा प्रदर्शनातील सर्वांत स्वस्त भाग, आणि तोच सर्वांत टिकाऊ. भिंत रिकामी होते, चौकटी परत जातात; कोणाचे काम होते हे केवळ त्या चिठ्ठीवरून पुढच्या पिढीला कळते.

यावर कोणी म्हणेल की, सामूहिक कामात एकेकाचे नाव कोठे लिहीत बसावे? अजिंठ्याला नावे नाहीत म्हणून अजिंठ्याचे काय बिघडले? हा आक्षेप अगदीच फोल नाही. नावाच्या हव्यासाने चित्र बिघडते, हे खरेच आहे. आणि स्पर्धेचे पदक डोळ्यांपुढे ठेवून काढलेले मुलाचे चित्र पुष्कळदा परीक्षकाला आवडेल असे होते, मुलाचे राहत नाही. तथापि नाव न लिहिण्याचा अधिकार ज्याचे काम आहे त्याचा असतो. तो अधिकार संस्थेने त्याच्या वतीने वापरला, की त्याला विनय म्हणत नाहीत. सामूहिक चित्र असेल तर साऱ्या समूहाची नावे लिहावीत. चिठ्ठी थोडी मोठी करावी लागेल, इतकेच.

हा प्रश्न आता पुन्हा दिल्लीतच नव्याने उभा राहत आहे. नॉर्थ ब्लॉक आणि साऊथ ब्लॉक या इमारतींचे 'युगे युगीन भारत' या नावाच्या राष्ट्रीय संग्रहालयात रूपांतर करण्याची योजना केंद्र सरकारने 2023 मध्ये जाहीर केली. ती सिद्धीस गेली, तर सुमारे शंभर वर्षांनंतर समितीच्या त्या दालनातील घुमटाकडे सामान्य माणसाला प्रथमच निवांतपणे मान वर करून पाहता येईल. मुंबईहून आलेल्या त्या तरुणांचे काम तेव्हा खऱ्या अर्थाने प्रदर्शित होईल. त्या चित्रांखाली कोणती चिठ्ठी लागेल? केवळ 'मुंबई कलाशाळा' एवढीच लागली, तर ती खोटी ठरणार नाही. पण कुदसिया बागेतील जुनी सवयच पुढे चालू राहिली, असे म्हणावे लागेल. प्रत्येक कमानीखाली ती रंगविणाऱ्याचे नाव आणि तेव्हाचे त्याचे वय लिहिले गेले, तर दर्शनास आलेली शाळेची मुले ती चिठ्ठी वाचतील आणि घुमटाकडे निराळ्या नजरेने पाहतील. आपल्याहून थोडासाच मोठा असलेला कोणी एक जण येथे परातीवर चढून रंगकाम करण्याच्या योग्यतेला पोचला होता, एवढे त्यांना कळले तरी त्या भिंतीचे सार्थक होईल.